गाडी फक्त दादाच्या हाताखाली थरथरायची

आधी माझी नोकरी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला भोळसट समजणार नाही. मी जयपूरला एका विमा कंपनीत मोटार क्लेम बघते. गाडी ठोकलेली माणसं दिवसभर मला गोष्टी सांगतात... नीलगाय आडवी आली, ब्रेक आपोआप लागला, स्टिअरिंग कुणीतरी खेचलं. एकानं तर लेखी दिलं होतं की दिवंगत सासरे बोनेटवर बसले होते, म्हणून समोरचा खांब दिसला नाही. क्लेम नामंजूर! तेव्हा भुताखेतांवर माझा विश्वास किती, ते ओळखा. या ग्रुपवर लोक अनुभव लिहितात ते मी चहाबरोबर वाचते आणि हसते. आता तुम्ही हसा.

अप्पा, म्हणजे माझे वडील, मूळचे सातारा जिल्ह्यातले. उभी हयात लष्करात, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेली. शेवटचं पोस्टिंग जयपूर. सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि इथंच खातीपुऱ्यात घर बांधलं. आई आधीच गेलेली. दादा पुण्यात, बायको आणि मुलगा पार्थ, त्याचा संसार तिकडं. मी लग्नानंतरही जयपुरातच, वैशाली नगरला. नवरा बँकेत, त्याची बदली जोधपूरला झाली, तेव्हा अप्पांची तब्येत बघून मी आणि माझी लेक सई खातीपुऱ्यात अप्पांकडेच राहायला आलो.

अप्पांची एक चंदेरी गाडी होती. जुनी, छोटी. एबीएस वगैरे काही नाही – हे मुद्दाम सांगतेय, कारण इथं कुणीतरी हुशार लगेच लिहील की ताई, एबीएस लागल्यावर पेडल थरथरतंच. नाही हो. नव्हतंच ते. त्या गाडीला अप्पांशिवाय कुणाचा पाना लागला नव्हता. आम्ही लहान असताना जी गाडी होती तिचंही तसंच. रविवारी सकाळी चाक काढायचं आणि दादाला शेजारी बसवून शिकवायचं. दादालाच. मी टॉर्च धरायची, कारण भर उन्हातही चाकाच्या आत अंधार असतो.

"ब्रेक दाबल्यावर थरथर कुठं लागते ते आधी सांग," अप्पा विचारायचे. "हाताला लागली तर पुढच्या डिस्क बघायच्या. बुडाला लागली तर मागचे ड्रम. चीं चीं वाजलं तर पॅड संपत आलेत. घर्र वाजलं तर संपलेच, लोखंडावर लोखंड घासतंय. आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून आत बघितल्याशिवाय बघितलं असं म्हणायचं नाही. काय?"

दादा "हो अप्पा" म्हणायचा आणि त्याचं लक्ष गल्लीतल्या क्रिकेटकडे. माझं होतं लक्ष. पण मला कुणी विचारलं नव्हतं. टॉर्च जरा हलला की मात्र, "संगे, नीट धर! झोपलीस का?"

मग अप्पांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. वर्षभर मी ऑफिस सांभाळून त्याच गाडीतून त्यांना हॉस्पिटलला नेत होते. दादा रोज फोन करायचा, हे खरं आहे. डॉक्टर बदल, डाएट बदल, ते नारळपाणी कशाला देतेस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते जयपुरात राहून मला पुण्याच्या माणसानं शिकवलं. अप्पा मात्र फोन ठेवल्यावर तासभर खूश. "दादा म्हणत होता..." आणि तेच वाक्य, जे मी सकाळी सांगितलेलं असायचं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

गाडीत अप्पा माझ्या शेजारी बसायचे. शरीर पार खंगलेलं, पण कान शाबूत. मागच्या सीटखाली नाणं पडलं असेल तर सांगायचे. मी दोनतीनदा विचारलं, "अप्पा, गाडी सर्व्हिसिंगला टाकते ना. किती महिने झाले."

"परका हात लावायचा नाही. दादा आला की आम्ही दोघं बघू."

दादा काही आला नाही. मतलब, आला – अप्पा गेल्यावर आला.

आता कावळ्याचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दहाव्याला पिंड ठेवले. इथल्या मराठी मंडळातले जोशीकाका, बँकेतून रिटायर झालेले, आमच्यातल्या सगळ्यांच्या बारशापासून बाराव्यापर्यंत तेच उभे असतात. मोक्षधामातले, म्हणजे इथल्या स्मशानातले, पंडितजी लांबून बघत होते. आम्ही सगळे एका भाताच्या गोळ्याकडे आणि झाडावरच्या कावळ्यांकडे का बघत बसलोय, ते त्यांना कळेना. "कौवा नहीं आया तो क्या?" जोशीकाकांनी समजावलं की गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, आणि ती पुरी करू म्हणून शब्द दिला की शिवतो. पंडितजी म्हणाले, "अच्छा, मराठों में ऐसा है." आणि तेही येऊन थांबले.

कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. मी हात जोडले. अप्पा, घर नीट ठेवीन. अप्पा, आईचा फोटो देवघराशेजारीच राहील. अप्पा, सईला शिकवीन, तिला कुणापुढं वाकू देणार नाही. काही नाही. ऊन चढलं. जोशीकाका दर्भाचा कावळा करायला निघाले. तेवढ्यात दादा पुढं झाला. "अप्पा, तुमची गाडी घरातच राहील. परक्याला देणार नाही." आणि लगेच, खरंच लगेच, एक कावळा उतरला आणि त्यानं चोच मारली. बायका रडायला लागल्या. मीही रडले. मनात म्हटलं, बघा, जीव कशात अडकला होता... गाडीत.

तेराव्यानंतर दादानं चहा पिता पिता सांगितलं, "संगे, गाडी मी पुण्याला नेतो. चालवतच नेतो. पार्थला शिकायला होईल."

"तू शब्द दिलास दादा. गाडी घरातच राहील म्हणालास."

"मग? माझं घर म्हणजे घर नाही का?" वर हेही, "तुझ्याकडे स्कूटी आहे ना."

मला त्या क्षणी काय काय बोलावंसं वाटलं ते इथं लिहिता येणार नाही, ग्रुपचे नियम आहेत. वर्षभर त्या गाडीच्या सीटवर अप्पांची उलटी मी पुसली होती. मला ती गाडी हवी होती. मी कधी मागितलं नाही, आणि मागितल्याशिवाय द्यायचं आमच्या घरात कुणाला सुचत नाही. मी कप उचलले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गाडीत हवा भरायला म्हणून वैशाली नगरकडे गेला आणि तोंड वाकडं करून परत आला. "कसली गाडी ठेवलीयस गं! ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात राहत नाही. खालून घर्र घर्र आवाज. तू ही चालवत होतीस?"

मी चावी घेतली. खातीपुरा स्टेशनपर्यंत गेले, आले. हळू ब्रेक दाबला, जोरात दाबला, उतारावर दाबला. काही नाही. गाडी गुमान थांबायची, नेहमीसारखी. मी म्हटलं, "तुझा पाय पुण्याच्या ट्रॅफिकनं बिघडलाय." तो चिडला. म्हणाला, बस शेजारी.

बसले. आणि जाणवलं. पहिल्या गतिरोधकाआधी त्यानं ब्रेकवर पाय ठेवला आणि स्टिअरिंग त्याच्या हातात थडथडायला लागलं. नुसतं हलत नव्हतं, मोठ्या तापात माणसाला हुडहुडी भरते तसं. डॅशबोर्ड वाजत होता. पुढच्या डाव्या चाकाकडून घर्र आवाज, आणि मला सीटवरून बुडाला काही लागत नव्हतं. म्हणजे पुढच्या डिस्क. पस्तीस वर्षांपूर्वीचा धडा, माझ्या तोंडातून आपोआप निघाला. "हाताला लागतंय ना? मग पुढचं आहे."

आम्ही जागा बदलली. तोच रस्ता, तोच वेग, तीच दोन माणसं. मी ब्रेक दाबला – काही नाही. परत बदलली. त्यानं दाबला – थडथड, घर्र. असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी रस्त्याकडेचा ज्यूसवाला हसायला लागला, "भाईसाहब, ड्राइविंग टेस्ट चल रहा है क्या?"

तरी मी क्लेमवाली बाई. म्हटलं, कारण असणारच. दादाचं वजन जास्त, म्हणून मी शेजारी माझ्याबरोबर सिमेंटच्या दुकानातली दोन पोती बसवून बघितली, हसू नका. काही नाही. त्यानं माझी चप्पल घालून बघितली, थडथड. सीट पुढं, सीट मागं, खिडक्या बंद, खिडक्या उघड्या. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रीनं स्वतः चक्कर मारली. "गाड़ी तो मक्खन है." दादाला चालवायला लावलं आणि शेजारी बसला. परत आला तेव्हा त्यानं आधी पाणी मागितलं. चाकं काढली. डिस्क सरळ, मापून बघितली. पॅड अर्धे शिल्लक. बेअरिंग ठीक, नट घट्ट. तरी त्यानं पॅड बदलले, डिस्क खरादावर, म्हणजे लेथवर, घासून आणल्या, चाकांचं बॅलन्सिंग केलं. दुसरं काय करणार बिचारा. दादानं चालवली – थडथड.

खरं सांगू? मला आतून बरं वाटायला लागलं होतं. फार बरं. मंडळात बातमी पोचली होतीच. जोशीकाकांनी फोन करून हळूच विचारलं, "शब्द दिला होता ना गं तुझ्या भावानं?" आणि मी, जिनं बोनेटवरचे सासरे नामंजूर केले होते, मी म्हटलं, "हो ना काका. अप्पांना पसंत नाही." वर्षभर एकदाही "दमलीस का संगे" म्हटलं नव्हतं त्यांनी. पण आता बघा, मेल्यावर का होईना, माझी बाजू घेतली. गाडी माझ्या हातात गुमान चालते आणि त्याच्या हातात थरथरते, याचा दुसरा अर्थ काय होतो? रात्री मी त्यांच्या फोटोला हार घातला आणि मनापासून नमस्कार केला. आजवर इतका मनापासून केला नव्हता.

दादाला मी तोंडावर सांगितलं, "कावळ्यासमोर बोललास ते मोडतोयस. अप्पा सोडणार नाहीत."

"तू विमा कंपनीत आहेस की देवळात?" तो ओरडला. पण चेहरा उतरला होता. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. त्यानं निघायचा दिवस ठरवलाच. आधी एकदा हायवेवर बघतो म्हणाला. सकाळी आम्ही चौमूंच्या रस्त्याला लागलो. मी शेजारी, सई मागं.

रस्ता मोकळा होता. गाडीनं वेग घेतला. पुढं एक ट्रॅक्टर आला, मोहरीच्या गोण्या लादलेला, म्हणून दादानं ब्रेकवर पाय ठेवला. दाबलाही नव्हता नीट, नुसता ठेवला. आणि जे सुरू झालं ते मी आजही सांगू शकत नाही. स्टिअरिंग त्याच्या मनगटासकट हलत होतं. आरसा खाली वळला. आवाज असा, की सई किंचाळली. दादानं पाय काढला, गिअर पाडत पाडत गाडी कडेला घेतली, मातीत थांबवली, आणि उतरला. गाडीला पाठ लावून खाली बसला. पन्नाशीचा माणूस, हमसून हमसून रडत होता. "नाही नेत अप्पा. नाही नेत. राहू द्या."

मी चावी घेतली. परत येताना मी चालवली. एक टाचणीएवढी थरथर नाही. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. ही गोष्ट माझी झाली असती. पण परतताना गाडी थेट गॅरेजला घातली, कारण आता ती माझी होणार होती आणि मला खात्री हवी होती. नोकरीची सवय. मिस्त्री हात झटकून म्हणाला, सब देख लिया मैडम. मी म्हटलं, "स्टिअरिंग पुरतं वळवून बघितलं?" त्यानं नकारार्थी मान हलवली. मी दादाला आत बसवलं. एका टोकाला वळव म्हटलं. मोबाईलचा टॉर्च लावून मी डाव्या चाकामागं वाकले.

तिथं ब्रेकचा रबरी पाइप असतो, चाकाकडं ऑइल नेणारा. सरळ चाक असताना तो धडधाकट दिसत होता. चाक पुरतं वळल्यावर तो वाकला आणि त्याचं तोंड उघडलं. चांगली बोटभर चीर. आतले पांढरे दोरे दिसत होते आणि कडेला ओल आली होती. मिस्त्री आडवा झाला, बघितलं, आणि कानाला हात लावले. "ये तो कभी भी फट जाता. हाईवे पे एक जोर का ब्रेक, और पैडल सीधा नीचे. बचता कोई नहीं."

"इसी से थरथराहट थी?"

"नहीं मैडम. पाइप फटता है, थरथराता नहीं. इसका उससे कोई मतलब नहीं."

"कब से होगी ये दरार?"

त्यानं बोट फिरवलं. चिरेत धूळ आणि तेल बसून काळं घट्ट झालं होतं. "पुरानी है. साल भर तो आराम से."

पाइप बदलला. दादानं चालवली. थरथर गेली. आवाज गेला. पूर्ण. त्यानं परत परत ब्रेक दाबून बघितला आणि गाडी गुमान थांबली, माझ्यासाठी थांबायची तशी.

दादानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. "अप्पांनी वाचवलं गं मला. मी शेवटी आलो नाही तरी वाचवलं." त्यानं तिथूनच वहिनीला फोन लावला, पार्थला सांगितलं, जोशीकाकांना सांगितलं. पुण्यात आता ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. अप्पांचा मोठा फोटो लावलाय त्यानं हॉलमध्ये. "गाडी तूच ठेव," म्हणाला. ट्रेननं गेला. जाताना पाया पडला माझ्या, धाकट्या बहिणीच्या. वेडाच झाला होता.

आणि मी तिथं गॅरेजमध्ये उभी होते. वर्षभर. तीच चीर, तीच गाडी, तोच ब्रेक. पावसातून, धुक्यातून, अजमेर रोडच्या ट्रकांमधून मी रोज जात होते. कधी शेजारी अप्पा, कधी मागं सई. मला कुणी सांगितलं नाही. थरथर नाही, घर्र नाही, साधं चीं नाही. नाण्याचा आवाज ऐकू यायचा ना त्यांना? आणि ते गेल्यानंतर दहाव्यापर्यंत सामानासाठी, निरोपासाठी ती गाडी मीच पळवत होते, तेव्हाही नाही. दादा बसला आणि पहिल्याच ब्रेकला अप्पा जागे झाले.

कावळ्याचंही मला आता कळलंय. तो गाडीच्या शब्दावर आलाच नव्हता. तो आवाजावर आला. दादाचा आवाज ऐकला आणि उतरला. दादानं पाढे म्हटले असते तरी उतरला असता.

सई समजूत घालते. तिचं मराठी अर्धं हिंदी आहे, पण मन चांगलं आहे. "मतलब आई, असं पण असू शकते ना, की आजोबांनी तुझ्यासाठी तो पाइप पूरा साल धरून ठेवला. म्हणून फटा नाही." मी म्हटलं, बाळा, वर्षभर आजोबा जिवंत होते, आणि माझ्या शेजारी बसून क्लच नीट सोड म्हणत होते. नवरा म्हणाला, वाचलीस ना, मग झालं. तेही खरं आहे. त्यानं काही फरक पडत नाही, हेही खरं आहे.

अप्पा म्हणाले होते, दादा आला की आम्ही दोघं बघू. तसंच झालं. दादा आला, दोघांनी मिळून बघितलं. टॉर्च मी धरला.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. मिस्त्रीकडे नाही. ऑफिसमधल्या सर्व्हेअरला विचारलं – वीस वर्षं गाड्या तपासतोय तो – तो म्हणाला, पाइपनं तशी थरथर येऊच शकत नाही, आणि माणूस बघून तर नाहीच नाही. तुम्हा कुणाला काही सुचलं तर लिहा. फक्त "बापाचं प्रेम" असलं काही लिहू नका. ते कुणावर होतं ते मला माहीत झालंय.

गाडी आता माझ्याकडे आहे. झकास चालते. रोज ऑफिसला जाताना खातीपुऱ्याच्या फाटकाशी ब्रेक दाबते, तेव्हा स्टिअरिंगवरची बोटं सैल सोडते, काही लागतंय का बघायला. एकदा तरी. जरा तरी. गाडी लोण्यासारखी थांबते. मागचा हॉर्न मारतो, आणि मी निघते.